हिरड्या सुजल्या, मनही थाऱ्यावर नाही? या चुका टाळा

कपाशी बोंडअळीने खाल्ली, कर्जाचा हप्ता थकला, रात्रीची झोप उडाली की दात घासणे आधी सुटते. त्यात सततच्या ताणाने शरीराची जंतूंशी लढायची ताकद बिघडते. मग हिरड्या सुजतात, तोंडाला वास येतो, माणूस चारचौघांत बसायचे टाळतो आणि आणखीच एकटा पडतो.

रक्त येते म्हणून ब्रश बंद करणे ही सर्रास दिसणारी चूक. रक्त हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे येते. घासणे थांबवले की थर वाढतो, कडक होऊन त्याचे कीटण बनते आणि ते ब्रशने निघत नाही. मऊ ब्रश घ्या, दोन वेळा हलक्या हाताने घासा. राखुंडी, तंबाखूचे मंजन, गुल नको. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दातांचा डॉक्टर गाठा. कीटण काढल्याने दात हलत नाहीत. ते आधीच सैल झालेले असतात, इतकेच.

टेन्शनवर खर्रा हा तर आपल्याकडचा घरगुती इलाजच! पानठेल्यावर मिळणारा तो आराम म्हणजे बहुतेक वेळा तंबाखूची तलफ भागल्याचा आराम. हप्ता तिथेच असतो. खर्रा ज्या गालात धरता तिथली हिरडी खाली सरकते, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. बिडीचे वेगळे: तिने हिरडीतले रक्त कमी दिसते, म्हणून आजार लपून राहतो.

हिरडी अचानक ठणकू लागली, दातांमधली हिरडीची टोके झडल्यासारखी दिसली, घाण वास सुटला, तर वाट पाहू नका. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना हाच आजार व्हायचा: ताण, सिगारेट, अस्वच्छ तोंड.

नैराश्यावरच्या ॲमिट्रिप्टिलिनसारख्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. म्हणून गोळी मनाने बंद करू नका, गोड चहाही वाढवू नका. घोट-घोट पाणी प्या, डॉक्टरांना सांगा. दातांच्या डॉक्टरांपासूनही ही गोळी लपवू नका.

मनातले बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो. जिल्हा रुग्णालयात जाणार असाल तर दातांची आणि मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आशाताईंना आधी विचारा. दोन्ही कामे एकाच फेरीत होतील, एसटीचे भाडेही वाचेल.