जंगली मेहल खाताना आणि औषध म्हणून वापरताना या चुका टाळा

मेहल म्हणजे हिमालयातली जंगली नासपती. कुमाऊँत मेहल, हिमाचलात कैंथ, शास्त्रीय नाव पायरस पाशिया. उत्तराखंडात फिरायला गेलेली आपली माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाटेवरच्या काटेरी झाडाचं हे बोराएवढं, फिकट ठिपक्यांचं तपकिरी फळ तोडतात, एक घास घेतात आणि थुंकून टाकतात.

थुंकणारच! झाडावरचं टणक फळ टॅनिनमुळे इतकं तुरट असतं की जीभ जड पडते. पहाडी लोक ते उतरवून घरात ठेवतात आणि मऊ पडू देतात. आतला गर काळपट झाला की सडलं समजून फेकू नका, गोडी तेव्हाच येते. देठाजवळ बोटानं दाबून बघा: सहज दबलं आणि वास गोडसर असेल तर खुशाल खा. आंबूस वास, पांढरी-हिरवी बुरशी किंवा गळणारं पाणी दिसलं तर मात्र टाकून द्या. गर दाताखाली थोडा कचकचतो, तो नासपतीचा स्वभावच आहे.

पोट साफ व्हावं म्हणून पिकलेलं मेहल खायची जुनी रीत आहे आणि ती पटण्यासारखी आहे. त्यात तंतू असतात, शिवाय नासपतीच्या जातीत सॉर्बिटॉल, म्हणजे पोट सैल करणारा एक गोडसर पदार्थ असतो. त्यामुळेच ओंजळभर खाल्लं तर पोट बिघडू शकतं. दोन-चार फळं पुरेत.

सगळ्यात गंभीर चूक डोळ्यांची. डोळे आले की फळाचा रस घालायचा, माणसांच्याही आणि गुरांच्याही, असा पारंपरिक उपयोग आहे. तुम्ही तो कृपा करून करू नका. घरी पिळलेला रस निर्जंतुक नसतो, बुबुळाला इजा झाली तर नजरेवर बेतेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जा.

बियांचं चूर्ण करू नका. सफरचंदाप्रमाणे याही बियांत अमिग्डालिन असतं, बी चावलं किंवा कुटलं की त्यातून सायनाइड तयार होतं. अर्कात अँटिऑक्सिडंट गुण दिसले म्हणून मधुमेहाची गोळी बंद करणं तर फारच धोक्याचं. पिकलेल्या फळात साखरच असते.

तिकडचे बागायतदार याच्या खुंटावर नासपतीचं कलम बांधतात. असं रोप लावलंत तर कलमाच्या जोडाखालून येणारे काटेरी फुटवे वेळच्या वेळी काढा, नाहीतर जंगली झाडच वर चढतं आणि कलम मागे पडतं.