जंगली ट्यूलिप लावायचेत? आधी कंद कुठून आला ते विचारा

ट्यूलिप म्हटलं की हॉलंडचे ते लांबच लांब रंगीत पट्टे आठवतात, पण त्यांचं खरं माहेर म्हणजे मध्य आशियातले तिएन शान आणि पामीर-अलायचे डोंगर. तिथल्या जंगली जाती अजून खडकाळ उतारांवर फुलतात, काही तर जेमतेम वीतभर उंचीच्या. चराई आणि फुलं तोडणं, कंद खणून नेणं यामुळे त्यातल्या बऱ्याच जाती संकटात आहेत. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच, की कंद नर्सरीत वाढवलाय का डोंगरावरून उपटून आणलाय? सरळ उत्तर मिळालं नाही तर घेऊच नका.

सुरुवातीला टार्डा ही जंगली ट्यूलिपची जात घ्या. एका कंदाला चार-पाच फुलं येतात, पिवळी, टोकाला पांढरी, ऊन पडलं की चांदणीसारखी उघडतात.

लावायचं थंडी पडायच्या आधी, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल म्हणजे साधारण १० ते १५ सेंमी, टोक वर. जागा भरपूर उन्हाची, आणि मातीत जाड वाळू, बारीक खडी सढळ हाताने घाला कारण पाणी साचलं की कंद कुजलाच. हिवाळा नीट थंड नसेल तर आधी १२-१४ आठवडे कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फक्त सफरचंदाजवळ नको, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते.

फुलं गेली की पानं कापायची नाहीत, पिवळी पडून आपोआप वाळू द्या, पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्याच जिवावर भरतो. उन्हाळ्यात पाणी बंद.

आणि जमलं तर बी पेराच, मला तरी हेच सगळ्यात मोलाचं काम वाटतं. तुर्कस्तानातला स्प्रेंगेरी ट्यूलिप जंगलातून नामशेष झालाय, तो आज फक्त बागांमध्ये जिवंत आहे, आणि बियांपासून तो छान येतो. बोंड वाळून तडकलं की चपटं बी काढा, थंडीआधी वाळूमिश्रित मातीत पेरा, कुंडी बाहेर थंडीतच ठेवा. पहिल्या वर्षी कांद्याच्या पातीसारखं एकच बारीक पान येईल, तण समजून उपटू नका! फुलायला ४ ते ७ वर्षं लागतात. कुंडी खोल घ्या, कारण छोटे कंद दरवर्षी स्वतःला आणखी खाली ओढत नेतात, कधीकधी तळाच्या भोकापर्यंत. दोन जाती शेजारी फुलत असतील तर बी मिसळू शकतं, त्यामुळे बी धरायची जात लांब ठेवा आणि कुंडीवर तिचं नाव लिहा.