आखाजीचा गोतावळा आणि तोरणमाळची सहल : स्क्रॅपबुक करताना या चुका टाळा

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या आखाजीला, गेल्या खेपेस माझ्या माहेरच्या अंगणात ४३ माणसे होती. माहेरी आलेल्या लेकी, जावई, नातवंडे आणि पुण्या-सुरतेहून उतरलेले चुलतभाऊ असा तो गोतावळा होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांतले २९ जण एका मिनीबसने आणि एका जीपने सातपुड्यातल्या तोरणमाळला जाऊन आले. परतल्यावर आठ दिवसांत तीन भाचरांनी ‘आत्या, आम्हीपण स्क्रॅपबुक करतोय’ असे उत्साहाने सांगितले आणि महिनाभरात तिघांच्याही वह्या दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येऊन पडल्या. चुका त्याच होत्या, ज्या मी इतकी वर्षे नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या वह्यांत पाहत आले आहे आणि ज्यांतल्या दोन-तीन मी स्वतःही केल्या आहेत.

दुखणे मुळात एकच आहे. गोंद आधी हातात घेतला जातो आणि विचार नंतर केला जातो. आमच्या घरचे स्क्रॅपबुक साधारण सहा आठवड्यांत तयार होते आणि त्यात चिकटवण्याचे काम शेवटच्या दोन-तीन दिवसांचे असते. त्याआधीचा सगळा वेळ फोटो निवडण्यात, नावे विचारण्यात, प्रती काढण्यात आणि पानावर फोटो नुसते मांडून दोन रात्री तसेच ठेवण्यात जातो. हे ऐकून नवशिक्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांनी दुकानातून आधीच चकाकणारी स्टिकरे आणि रंगीत टेप आणलेली असते आणि ती रविवारपर्यंत संपवायची असते.

तिकिटे लॅमिनेट करणे

या चुकीचा ताजा नमुना माझ्या धाकट्या भाच्याने सादर केला. धुळ्याहून गावी येतानाची बसची तिकिटे, शहाद्याच्या पेट्रोलपंपाची पावती, घाट चढण्याआधी घेतलेल्या चहा-नाश्त्याचे बिल असे ११ कागद त्याने खरोखर चिकाटीने जपून आणले होते. ते खराब होऊ नयेत म्हणून तो लॅमिनेशनच्या दुकानात गेला आणि दहा मिनिटांनी हातात अकरा काळ्या पट्ट्या घेऊन परत आला. एकही अक्षर दिसत नव्हते. ‘आत्या, त्याचं मशीन बिघडलेलं होतं,’ असे त्याचे म्हणणे होते. यंत्र अगदी ठणठणीत होते.

आजकाल यंत्रातून निघणारी बहुतेक तिकिटे आणि पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात. त्यावर शाई नसतेच. कागदावर रसायनांचा थर असतो आणि यंत्रातले तापलेले टोक जिथे टेकते तिथे तो थर काळा होतो. लॅमिनेशनचे यंत्र कागदाला शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापवते, त्यामुळे संपूर्ण कागदच ‘छापला’ जातो. तापवले नाही तरी सुटका नाही, कारण उजेड, हाताचे तेल आणि मऊ प्लास्टिकच्या पिशवीतली द्रव्ये यांनी हीच अक्षरे हळूहळू पुसट होतात आणि वर्ष-दोन वर्षांत हातात कोरा कागद राहतो.

म्हणून मी त्याच संध्याकाळी पावतीचा फोटो घेते आणि घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत तिची झेरॉक्स काढते. झेरॉक्सची काळी पूड कागदावर वितळवून बसवलेली असते, ती टिकते. वहीत ती प्रत लागते आणि मूळ पावती कागदी पाकिटात जाते. कंडक्टरच्या पेटीतून निघणारी, चिमट्याने भोक पाडलेली जुनी रंगीत तिकिटे माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांपासून आहेत. ती पिवळी पडली आहेत, पण आकडे अजून वाचता येतात. फोटोही लॅमिनेट करू नयेत, कारण एकदा आत गेलेला फोटो पुन्हा बाहेर काढता येत नाही.

चिकट पानांचा अल्बम, माळा आणि कूलर

ही चूक माझी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझे पहिले स्क्रॅपबुक मी बाजारात मिळणाऱ्या चिकट पानांच्या अल्बममध्ये केले होते. पुठ्ठ्यावर गोंदाच्या ओळी, त्यावर फोटो आणि वरून पारदर्शक कागद दाबला की पान तयार. सोय एवढी की संपूर्ण आखाजी एका दुपारी लावून झाली. अल्बम कापडात गुंडाळून मी जळगावच्या घरी माळ्यावर ठेवला. वर पत्रा होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो हे ज्यांनी सोसले आहे, त्यांना पत्र्याखालच्या माळ्याचे वर्णन करून सांगायला नको.

दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेल्यावर अल्बम खाली काढला, तेव्हा फोटोंच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, गोंदाच्या ओळी फोटोंतून पट्ट्यांसारख्या दिसत होत्या आणि वरचा पारदर्शक कागद कित्येक ठिकाणी फोटोशी एकजीव झाला होता. मी घाबरले आणि घाईने ब्लेड घेतले. चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर पुरणपोळी टाकणाऱ्या आजीचा तो एकुलता एक फोटो होता. कोपरापर्यंत पसरलेली पोळी पेललेले तिचे दोन्ही हात पानाला चिकटून राहिले आणि उरलेली आजी माझ्या हातात आली. निगेटिव्ह घर बदलताना केव्हाच हरवली होती.

असा अल्बम तुमच्या घरात असेल तर आधी त्याची पाने आहेत तशी स्कॅन करा किंवा उजेडात सरळ धरून त्यांचे फोटो काढा, म्हणजे पुढे काही बिघडले तरी चित्र हातचे जाणार नाही. त्यानंतर दातांत फिरवायचा बिनसुगंधी धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. फोटो अडला की तिथेच थांबा आणि तेवढा पुठ्ठा फोटोसकट कापून ठेवा. हेअर ड्रायरने गोंद सैल करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो घेत नाही, उष्णतेनेच तर हे सगळे झाले.

माळ्याची चूक कळल्यावर काही जण वही थेट कूलरच्या खोलीत आणतात, आणि हा खास आमच्या भागातला घोटाळा आहे. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून येणारा तो गार वारा ओला असतो. चार महिने त्यात राहिलेल्या वहीची पाने पापडासारखी वाकडी होतात आणि पावसाळ्यात त्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके उमटतात. माझ्या वह्या आतल्या खोलीतल्या कपाटात मधल्या फळीवर असतात आणि सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतात. डांबरगोळ्या नसतात. पाऊस सरला की वही पंख्याखाली उघडून ठेवायची, उन्हात नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहा. पानांचा कागद आम्लरहित असावा आणि प्लास्टिकची पाकिटे पॉलिप्रॉपिलीनची असावीत. नव्या रेनकोटसारखा उग्र वास येणारे मऊ पाकीट परत करावे, कारण ते पीव्हीसीचे असते आणि कालांतराने फोटोला चिकटते. वर्तमानपत्राचे कात्रणही तसेच लावू नये. त्या कागदातल्या लिग्निन या लाकडी द्रव्यामुळे ते पिवळे पडते आणि शेजारच्या फोटोलाही डाग देते. त्याचीही झेरॉक्सच लावावी.

किरकोळ, पण दर वेळी दिसणाऱ्या चुका

कणकेची किंवा मैद्याची खळ वापरू नका, कसर आधी खळ खाते आणि मग कागद. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने फोटोला लाटा येतात. सेलोटेप चार-पाच वर्षांत पिवळी होऊन गळते आणि डाग तेवढा मागे ठेवते. त्यापेक्षा फोटोचे कागदी कोपरे वापरावेत, म्हणजे फोटो कधीही काढता येतो.

झोक्याच्या निंबाची पाने, तोरणमाळला उचललेले फूल असे काही लावायचे असेल तर ते टिपकागदात दाबून, कागद बदलत, दोन-तीन आठवडे पूर्ण वाळू द्यावे आणि फोटोच्या समोरच्या पानावर लावू नये. हळद-कुंकवाचे बोट वहीला लावण्याची हौस पहिल्या कोऱ्या पानावर भागवावी.

नागमोडी कात्रीने जुने फोटो बदामाच्या आकारात कापणाऱ्यांविषयी मला फार सभ्य भाषेत लिहिता येणार नाही. ज्या ‘फालतू’ मागच्या भागावर कात्री चालवली जाते, त्यातच आमचे धाब्याचे घर, ओट्यावरची घागर, तिच्यावर ठेवलेले डांगर आणि बैलगाडीचे जू असते. कापायचेच असेल तर प्रत काढून ती कापा. त्याच क्षणी बाहेर येणारे झटपट कॅमेऱ्याचे फोटो तर मुळीच कापू नयेत, त्यांच्या थरांत रसायने बंद केलेली असतात.

फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा करणे

सहलीनंतर कुटुंबाच्या ग्रुपवर ६०० फोटो येतात आणि त्यांवरूनच छपाई होते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लहान केला जातो, त्याची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलांच्या आसपास उरते. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईसाठी १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे एवढ्या आकारात कसेबसे निभावते. पण सगळ्या कुटुंबाचा फोटो आठ बाय दहा इंचांचा मोठा करायला गेलात, की मागच्या रांगेतले चेहरे पिठूळ होतात, आणि आमच्याकडे मागच्या रांगेत नेमके मान असलेले लोक उभे असतात.

दुसरा तोटा लवकर लक्षात येत नाही. फोटो कधी काढला ही त्यातली नोंदही वाटेत गळून पडते आणि फोनमध्ये तो आल्याची तारीख दिसते. मधल्या भाचीच्या वहीत आम्ही सारंगखेड्याचा तापीवरचा पूल परतीच्या वाटेवर ओलांडला आणि तोरणमाळला नेणारा सातपायरी घाट वरचा यशवंत तलाव पाहून झाल्यावर चढलो, कारण एका मामेभावाने जातानाचे फोटो चार दिवस उशिरा पाठवले होते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. मी मात्र कोणावर विसंबत नाही. निघण्याआधी एक पेन ड्राइव्ह आणि केबल घेऊन ओट्यावर बसते आणि फोटो दिल्याशिवाय कोणाला जेवायला वाढत नाही.

निवडतानाही हात आखडता असावा. पावसाळ्यात जिथे धबधबा कोसळतो ती सीताखाई वैशाखात कोरडी असते, आणि कोरड्या दरीसमोर उभ्या असलेल्या त्याच सात जणांचे ३८ फोटो कोणीही दुसऱ्यांदा पाहत नाही. मी एका सहलीचे ४० फोटो ठेवते आणि त्यांत निम्म्याहून अधिक कॅमेऱ्याकडे न पाहणाऱ्या माणसांचे असतात.

‘खूप धमाल केली!’

तिन्ही वह्यांत मिळून हे वाक्य मला नऊ वेळा सापडले. धमाल केली हे फोटोत दिसतेच आहे. झोक्यावर बसलेल्या थोरल्या काकू ‘हळू व माय, दोर तुटी जाई!’ असे ओरडल्या होत्या, ते मात्र फोटोत दिसत नाही, म्हणून ते लिहायला हवे, आणि त्या बोलल्या तसे अहिराणीतच लिहायला हवे. त्याचे शुद्ध मराठी करू नये. माझ्याजवळ सहलीत बोटभर जाडीची एक वही असते आणि रोज झोपण्यापूर्वी तिच्यात चार ओळी जातात. आठवड्याने लिहू म्हणणाऱ्यांना फक्त धमाल आठवते. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वण पुढून उमटतात. मजकूर फोटोखाली पानावरच पिगमेंट शाईच्या पेनाने लिहावा.

नावाऐवजी नाते लिहिणे

‘आप्पा, मोठी मामी, जिजी आणि बाळ’ असे फोटोखाली लिहिणाऱ्याला वाटते की नावे लिहून झाली. आमच्या कुटुंबात या घडीला चार आप्पा आहेत. मोठी मामी ही लिहिणाऱ्याची मामी, तिच्या सुनेची सासू आणि तिच्या माहेरच्यांची ‘छोटी’ आहे. ज्याला बाळ म्हटले त्याचे आता पुढारलेले टक्कल आहे. नाते हे सांगणाऱ्यापासून मोजले जाते आणि सांगणारा बदलला की ते निरुपयोगी होते. लेकींच्या बाबतीत तर दोन आडनावे आणि कधीकधी सासरी बदललेले पहिले नावही असते, त्यामुळे मी माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे आणि गावाचे नाव लिहिते.

जुन्या फोटोंसाठी माझी पद्धत अशी आहे. फोटोवर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून माणसांच्या नुसत्या बाह्यरेषा काढायच्या, प्रत्येकीत आकडा घालायचा आणि खाली आकड्यांपुढे नावे लिहायची. ‘डावीकडून तिसरा’ यावर भरवसा ठेवू नये, कारण लहान मुले रांग पाळत नाहीत. हे काम गोतावळा जमलेला असतानाच उरकावे. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या, रोटांच्या सणाला भाऊबंद पुन्हा एकत्र येतात, तेव्हा मी वही मधोमध ठेवते आणि ‘हाऊ कोन शे?’ (हा कोण आहे?) एवढेच विचारून गप्प बसते.

वहीला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली असते. ज्याला चूक दिसेल त्याने ती पेन्सिलने दुरुस्त करावी, शाईने मी नंतर करते. गेल्या कानबाईला वही चार घरे फिरून परत आली, तेव्हा मी खात्रीने, दोन जणांना विचारून आणि शाईने लिहिलेल्या एका नावाखाली थरथरत्या अक्षरांत लिहिले होते : ‘हाऊ आप्पा नही, तात्या शे.’ कोणी लिहिले ते अजून कोणी कबूल केलेले नाही, पण आकडा सातपुढचे नाव मी बदलले आहे.