परदेशातल्या मराठी घरात स्ट्रोकचा धोका मोजताना

अमेरिकेतल्या ‘रीगार्ड्स’ अभ्यासात पंचेचाळिशीपुढचे ३०,२३९ गोरे आणि कृष्णवर्णीय लोक होते. वरचा बीपी १० ने जास्त असला, की स्ट्रोकचा धोका गोऱ्यांत ८ टक्क्यांनी, तर कृष्णवर्णीयांत २४ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे आकडा तोच, किंमत तिप्पट. आपण या अभ्यासात नव्हतोच. आपली गोची वेगळी आहे: वजन बेताचं, पण पोट सुटलेलं आणि साखर चढलेली.

म्हणून सुरुवात टेपने करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पँटचा नंबर धरू नका; पट्टा पोटाखाली बांधला की तो फसवतो. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ झाला, की एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. तक्त्यात २४.९ पर्यंत ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, तिकडे बघू नका. एचबीए१सी ५.७ टक्क्यांपासून प्रीडायबेटिस, ६.५ ला डायबेटिस.

बीपीच्या मशीनपेक्षा तिचा पट्टा आधी तपासा. दंडाचा घेर २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर साधा, ३५ च्या वर मोठा. लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. मांडीवर ठेवला तर वरचा आकडा साधारण ४ ने फुगतो. चहा, व्यायाम अर्ध्या तासाआधी उरका. सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, सात दिवस मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा वर आली, तर वही आणि मशीन दोन्ही डॉक्टरांकडे न्या. अमेरिकेत १३०/८० लाच हाय बीपी म्हणतात.

हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा पुढचा धोका मोजणारी गणितं डॉक्टर वापरतात. ब्रिटनमधल्या अशा क्यूरिस्क३ मध्ये ‘इंडियन’ हा पर्याय आहे, तो निवडा. अमेरिकेतल्या २०१३ च्या गणितात गोरे आणि आफ्रिकन-अमेरिकन एवढेच गट. त्यात ‘गोरे’ निवडलं की आपला धोका कमी दिसू शकतो. तिथल्याच २०२३ च्या ‘प्रिव्हेंट’ या नव्या गणितात वंश विचारतच नाहीत. तेव्हा आपण दक्षिण आशियाई आहोत, हे डॉक्टरांना स्वतः सांगा.

फॉर्मवर ‘स्मोकिंग’पुढे ‘नाही’ लिहिणाऱ्या आजी मिश्री लावत असतील, तर तेही सांगा. तंबाखूचा रकाना बहुधा सिगारेटपुरताच असतो.