बीईई शेअर घेताय? आधी योजनेवरचं कर्ज पाहा

वर्णभेदाच्या राजवटीने दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांना कंपन्यांच्या मालकीपासून दूर ठेवलं. ते भरून काढण्यासाठी आलेल्या ‘ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंट’ (बीईई) धोरणाखाली मोठ्या कंपन्यांनी राखीव शेअर काढले. सामान्य माणसाला हे शेअर घेता येतात, पण क्रम चुकवू नका.

आधी पात्रता. आफ्रिकन, कलर्ड (मिश्र वंशाचे) आणि भारतीय वंशाचे दक्षिण आफ्रिकी नागरिक यात येतात. २००८ च्या कोर्ट निकालानंतर तिथले चिनी वंशाचे नागरिकही. केप टाउनमधल्या जुन्या कोकणी मुस्लिम घराण्यांतल्या नागरिकांना हे शेअर घेता येतात, पण पुण्याहून नोकरीसाठी जोहान्सबर्गला गेलेल्याला नाही. जन्माने किंवा वंशाने नागरिकत्व नसेल, तर ते साधारणपणे २७ एप्रिल १९९४ च्या आधी मिळालेलं लागतं. पात्र ओळखीच्याच्या नावावर घेण्याचा मोह टाळा. २०१३ च्या दुरुस्तीनंतर ‘फ्रंटिंग’ला, म्हणजे पात्र माणसाला नावापुरतं पुढे करण्याला, १० वर्षांपर्यंत कैद आहे.

मग ओळखपत्र देऊन ब्रोकरकडे पडताळणी करून घ्या. जोहान्सबर्ग शेअर बाजारात बीईई शेअरसाठी वेगळा विभाग आहे. व्होडाकॉम या मोबाइल कंपनीचा ‘येबोयेथू’ तिथेच मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: योजनेचा ताळेबंद उघडा आणि कर्ज शोधा. तुम्ही शेअर घेता तो बहुतेकदा थेट कंपनीचा नसतो, तर एका योजनेचा; आणि बहुतेक योजना मूळ कंपनीचे शेअर उधारीवर घेतात. समजा योजनेकडे १०० रँडचे (रँड हे तिथलं चलन) शेअर आहेत आणि डोक्यावर ६० चं कर्ज. तुमचे खरे ४०. शेअर २० टक्के उतरला की उरले ८०, कर्ज तेवढंच; तुमचे ४० चे २० झाले. तेलाचे भाव कोसळल्यानंतर २०१८ मध्ये सासोल या इंधन कंपनीची ‘सासोल इन्झालो’ योजना संपली, तेव्हा उधारीवरच्या शेअरधारकांच्या हाती काही उरलं नाही. कष्टाची बचत घातलेल्या माणसांचं ते नुकसान आठवलं की आजही वाईट वाटतं. उलट मल्टिचॉइस या टीव्ही कंपनीच्या ‘फुथुमा नाथी’चा शेअर २००६ मध्ये १० रँडला निघाला आणि कर्ज फिटल्यावर त्याने भरघोस लाभांश दिला.

योजनेची मुदतही तपासा, ती पुढे ढकलली जाऊ शकते: एमटीएन या मोबाइल कंपनीच्या ‘झाखेले फुथी’ची २०२४ वरून २०२७ वर गेली.

विकतानाही गिऱ्हाईक पात्रच लागतं, म्हणून उलाढाल कमी आणि भाव अनेकदा शेअरमागच्या खऱ्या मूल्याच्या खाली. बाजारभावाने ऑर्डर टाकू नका. आपला भाव ठरवून लिमिट ऑर्डर द्या आणि थांबायची तयारी ठेवा.