कोमॅल वापरताना बेसिकच्या या सवयी टाळा

कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरच्या एम्युलेटरवर (म्हणजे त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) कोमॅल ०.१४ ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवणाऱ्यांना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ बेसिक या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सवयींत असतं. डेन्मार्कमधल्या टोंडर इथल्या अध्यापक विद्यालयात शिकवणारे बोर्गे क्रिस्टेन्सन विद्यार्थ्यांचे बेसिक प्रोग्रॅम वाचून हैराण झाले होते. १९७३ मध्ये बेनेडिक्ट लोफ्स्टेड यांच्यासोबत त्यांनी कोमॅल आखायला घेतली ती त्यावर उपाय म्हणून. इथे ओळींचे नंबर फक्त एडिटिंगसाठी असतात, त्यामुळे नंबरावर उडी मारायचा विचार मुळात सोडा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती प्रोसीजरमधल्या (नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या आज्ञांच्या गटातल्या) व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाची, चूक. प्रोसीजर लिहिली की आतलं सगळं आपोआप लोकल, म्हणजे फक्त तिच्यापुरतं, झालं, असं अनेकजण धरून चालतात. तसं होत नाही. समजा, मुख्य प्रोग्रॅममध्ये ‘एकूण’मध्ये वर्गाच्या गुणांची बेरीज चालू आहे आणि एका विद्यार्थ्याचा निकाल काढणाऱ्या प्रोसीजरनेही ‘एकूण’ शून्य करून तेच नाव वापरलं. वर्गाची बेरीज तिथेच गेली! एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं, म्हणून ही चूक सापडता सापडत नाही. प्रोसीजरच्या पहिल्या ओळीच्या शेवटी ‘क्लोज्ड’ लिहा, म्हणजे आतली नावं आतच राहतील. माझ्या मते नवशिक्याने प्रत्येक प्रोसीजर क्लोज्डच ठेवावी.

याच्या उलट अडचण पॅरामीटरची, म्हणजे प्रोसीजरला बाहेरून दिलेल्या किमतींची. दोन संख्यांची अदलाबदल करणारी प्रोसीजर चालते, पण बाहेर काहीच बदलत नाही, कारण आत गेल्या त्या नकला. पॅरामीटरच्या आधी ‘रेफ’ लिहिलं की मूळ व्हेरिएबल बदलतं.

स्ट्रिंगची (म्हणजे अक्षरांच्या मजकुराची) लांबी ‘डिम’ने आधी सांगावी लागते, आणि ती कमी पडली तर जादा अक्षरं गुपचूप कापली जातात. पाच अक्षरांच्या जागेत रोमन लिपीतली ‘माधुरी’ घातली तर ‘माधु’ एवढंच उरतं. नावांसाठी सढळ हाताने जागा ठेवा.

एका ओळीत संपणाऱ्या ‘इफ’ला (अट तपासणाऱ्या आज्ञेला) शेवटी ‘एंडइफ’ लागत नाही, अनेक ओळींच्या ‘इफ’ला लागतोच. तो विसरलात तर ‘लिस्ट’ करून, म्हणजे प्रोग्रॅम पडद्यावर आणून, पाहा: कोमॅल ओळी स्वतःच आत सरकवून दाखवते, आणि ‘एंडइफ’ राहिला असेल तर त्यापुढच्या ओळी डाव्या कडेला परतत नाहीत. जिथून त्या परतायला हव्या होत्या, तिथे राहिलेला ‘एंडइफ’ टाका.