हौशी पिनबॉल टेबलाचे दिवे आणि आवाज नव्याने बसवताना

माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे मारबत आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, एक व्हर्च्युअल पिनबॉल टेबल तयार केले होते. पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावर फ्लिपर नावाच्या दांड्यांनी चेंडू उडवत गुण मिळवण्याचा खेळ; हे टेबल संगणकाच्या पडद्यावरचे होते. डावीकडे काळी मारबत, उजवीकडे पिवळी, मध्ये तीन बडग्यांचे बंपर (चेंडूला उसळवणारे खांब) आणि वर इतवारीतल्या मिरवणुकीचे चित्र, अशी त्याची मांडणी होती. खेळ उत्तम जमला होता, पण सगळे दिवे एकाच वेळी डोळ्यांत घुसत आणि चेंडू कशावरही आदळला तरी तोच एक ‘ठक्’ असा आवाज येई. ते टेबल सुधारण्यात माझे दोन महिने गेले. व्हिज्युअल पिनबॉल या संगणक-प्रोग्रॅमच्या दहाव्या आवृत्तीत केलेल्या आणि कोणत्याही खऱ्या यंत्राची नक्कल नसलेल्या टेबलांसाठी ही पद्धत आहे. अशा टेबलात रॉम (खऱ्या यंत्राच्या चिपमधला प्रोग्रॅम) नसतो आणि दिव्यांचे व आवाजाचे सर्व नियंत्रण टेबलाच्या स्क्रिप्टमध्येच (टेबलासोबतच्या आज्ञावलीत) असते, त्यामुळे काम पुष्कळ सोपे होते.

टेबल दुसऱ्याचे असेल तर प्रथम मूळ कर्त्याची परवानगी घ्यावी. बहुतेक कर्ते बदलांविषयीची आपली अट स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहून ठेवतात. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढावी आणि प्रत्येक दिवसाच्या कामानंतर नवा क्रमांक देऊन ती जतन करावी.

आता दिव्यांकडे वळू. नवे दिवे टाकण्याआधी जुने सगळे बंद करून टेबल पूर्ण अंधारात पाहावे. त्यासाठी टेबलाच्या गुणधर्मांत पर्यावरणाचा प्रकाश आणि वरचे दोन मुख्य प्रकाशस्रोत जवळपास शून्यावर आणावेत. असे केल्यावर बहुतेक जुन्या टेबलांत एक गंमत दिसते. सगळे विझवूनही काही ठिकाणी उजेड उरतो, कारण तो प्लेफील्डच्या (चेंडू फिरतो त्या पृष्ठभागाच्या) चित्रातच रंगवलेला असतो. पूर्वी संगणकांची शक्ती कमी होती, म्हणून कर्ते दिव्यांभोवतीची वलये आणि खांबांच्या सावल्या चित्रात काढून मोकळे होत. हे रंगवलेले उजेड गिंपसारख्या प्रोग्रॅममध्ये पुसून चित्र सपाट केल्याशिवाय पुढे जाऊ नये, अन्यथा दिवा विझल्यावरही त्याचे वलय तसेच राहते आणि कितीही मेहनत घेतली तरी टेबल खोटे वाटते. आमच्या टेबलात या एकाच कामाला नऊ संध्याकाळी लागल्या.

त्यानंतर दिवे तीन गटांत लावावेत. पहिला गट संपूर्ण खेळपट्टीला उजेड देणाऱ्या सामान्य दिव्यांचा, दुसरा प्लेफील्डमध्ये बसवलेल्या रंगीत इन्सर्टचा (खालून उजळणाऱ्या पारदर्शक तुकड्यांचा) आणि तिसरा क्षणभर लखकन चमकणाऱ्या फ्लॅशरचा. पहिल्या गटातील प्रत्येक दिवा एखाद्या प्लॅस्टिकच्या तुकड्याखाली, जिथे खऱ्या यंत्रात बल्ब असू शकेल तिथेच ठेवावा. मोकळ्या जागेत अधांतरी ठेवलेला दिवा खेळणाऱ्याला लगेच खटकतो, जरी काय खटकले ते त्याला सांगता आले नाही तरी. हे सर्व दिवे एका कलेक्शनमध्ये (एका नावाच्या गटात) घालावेत, म्हणजे टेबल फार हलवल्यामुळे टिल्ट झाल्यावर किंवा खेळ संपल्यावर स्क्रिप्टमधील तीन ओळींच्या एका लूपने ते एकदम विझवता येतात.

रंग ठरवताना जुन्या यंत्रांतील बल्ब लक्षात घ्यावा. त्यांत ४४ आणि ४७ क्रमांकाचे, ६.३ व्होल्टचे तंतूचे बल्ब वापरले जात आणि अशा बल्बचा उजेड पांढरा नसून पिवळसर असतो. त्याचे तापमान सुमारे २७०० केल्व्हिन धरले, तर लाल २५५, हिरवा १६९ आणि निळा ८७ या रंगापासून सुरुवात करता येते. तंतू तापायला थोडा आणि निवायला त्याहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे दिवा उजळण्याचा वेग विझण्याच्या वेगापेक्षा जास्त ठेवावा. १०.८ या आवृत्तीत तंतूच्या बल्बसारखा उजळण्या-विझण्याचा पर्याय तयारच मिळतो, तो निवडावा. मला विचाराल तर संपूर्ण कामात सर्वात कमी कष्टात सर्वात मोठा फरक याच एका पर्यायाने पडतो.

दिव्याची तीव्रता, त्याच्या प्रकाशाचा पल्ला आणि तो विरण्याचा घात ही तीन मूल्ये एकत्र जुळवावी लागतात. घात वाढवला की उजेड केंद्राजवळ गोळा होतो आणि कडा लवकर काळवंडतात. नवशिक्यांचा कल पल्ला मोठा ठेवण्याकडे असतो, मात्र तसे केल्यास वीस दिव्यांचा उजेड एकमेकांत मिसळून सगळे टेबल एकसारखे पिवळट दिसू लागते. पल्ला लहान ठेवून दिव्यांची संख्या वाढवणे अधिक चांगले. फ्लिपरजवळ मात्र उजेड थोडा जास्तच असावा, कारण खेळणाऱ्याची नजर तिथे सर्वाधिक वेळ असते. ब्लूम, म्हणजे दिव्यांभोवती पसरणारी चकाकी, अगदी थोडा वापरावा. तो वाढवला की छायाचित्रात टेबल देखणे दिसते, परंतु खेळताना चेंडू धुक्यात हरवतो.

इथे माझी एक चूक सांगतो. पिवळ्या मारबतीखाली मी हौसेने गडद पिवळे दिवे लावले आणि चित्रच नाहीसे झाले. पिवळ्या प्रकाशात पिवळा रंग आणि पांढरा रंग यांतला फरक उरत नाही, त्यामुळे मारबतीचे डोळे, नाक, दागिने सगळे एकाच पिवळ्या धबधब्यात वाहून गेले. तिथे उबदार पांढरा दिवा लावताच चेहरा परत आला. काळ्या मारबतीचे उलट झाले. तिथे समोरून उजेड न टाकता मागच्या बाजूने लाल दिवा दिला, तेव्हा तिची आकृती उठून दिसली.

याहून पुढे जायचे असेल तर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक दिव्याचा प्रकाश स्वतंत्रपणे रेंडर करून ती चित्रे टेबलात एकमेकांवर मिळवण्याची पद्धत आहे. तिचा परिणाम अप्रतिम असतो, पण ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास पूर्ण भाराने चालते. पारा पंचेचाळिशीला टेकलेल्या नागपूरच्या मे महिन्यात हे काम काढू नये, एवढेच सुचवतो.

आवाजाचे काम आरंभण्यापूर्वी पार्श्वसंगीत बंद करावे, कारण संगीताखाली सगळे दोष झाकले जातात. साउंड मॅनेजरमध्ये प्रत्येक आवाजापुढे तो टेबलातून यावा की बॅकग्लासमधून (टेबलामागच्या उभ्या चित्रफलकातून) हे ठरवता येते. चेंडू, फ्लिपर, बंपर, स्लिंगशॉट (फ्लिपरच्या वरचे चेंडू उसळवणारे तिरके रबर) यांचे यांत्रिक आवाज टेबलाकडे आणि संगीत, घोषणा, गुणांची घंटा बॅकग्लासकडे द्यावीत. दोन साउंड कार्ड असतील तर हे दोन प्रवाह वेगवेगळ्या स्पीकरमधून निघतात.

चेंडू घरंगळण्याचा आवाज सर्वात महत्त्वाचा, आणि हौशी टेबलांत नेमका तोच नसतो. खरा चेंडू सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा पोलादी असतो. बेअरिंगच्या दुकानात एक पूर्णांक एक सोळांश इंचाची गोळी मागितली की तोच आकार मिळतो. ती अर्धा इंच जाडीच्या प्लायवुडवर घरंगळवून मी आवाज टिपला. पहिल्या दिवशीच्या सगळ्या ध्वनिफितींत शेजारच्या कूलरची घरघर आली, म्हणून पुढचे काम पहाटे पाच वाजता, पंखा बंद करून, घामाघूम होत केले. कॅरमबोर्डवरही प्रयोग केला, पण त्याचा आवाज पोकळ येतो.

टिपलेला आवाज ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्वच्छ करून मोनो (एकाच वाहिनीच्या), १६ बिट, ४४,१०० हर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये साठवावा. स्टिरिओ फाइल चेंडूच्या जागेनुसार नीट सरकवता येत नाही, म्हणून मोनोचा आग्रह धरावा. सुरुवातीची शांतता अगदी काटेकोर कापावी. तिथे पन्नास मिलिसेकंद जरी राहिले तरी फ्लिपर उशिरा उठल्यासारखा वाटतो आणि खेळणारा दोष मात्र कीबोर्डला देतो. प्रत्येक धडकेचे तीन ते पाच वेगवेगळे नमुने ठेवून स्क्रिप्टने त्यांतला कोणताही एक निवडावा, म्हणजे एकसुरीपणा जातो.

घरंगळण्याचा आवाज टायमरने सतत तपासावा लागतो. प्रचलित स्क्रिप्टमध्ये आवाजाची पातळी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवतात, त्यामुळे वेग दुप्पट झाला की पातळी चौपट होते, आणि त्याबरोबर स्वरही चढतो. चेंडू सपाट पृष्ठभागावर असताना त्याच्या केंद्राची उंची प्रोग्रॅमच्या मापात २५ एकके असते. ती ३० च्या पुढे गेली की चेंडू हवेत किंवा रॅम्पवर आहे असे समजून लाकडाचा आवाज थांबवावा. प्लॅस्टिकच्या आणि तारेच्या रॅम्पसाठी वेगळे आवाज द्यावेत. प्रत्येक चेंडूला स्वतःच्या नावाची फाइल लागते, नाहीतर मल्टिबॉलमध्ये (एकाच वेळी अनेक चेंडू खेळात असताना) एक चेंडू थांबला की सगळेच मुके होतात.

डावी-उजवी बाजू ठरवणाऱ्या सूत्रात चेंडूची जागा उणे एक ते एक या पट्ट्यात आणून तिचा दहावा घात घेण्याचा प्रघात आहे. याचा अर्थ असा की चेंडू मध्यापासून निम्म्या अंतरावर असला तरी मूल्य सुमारे ०.००१ इतकेच येते आणि आवाज मध्येच राहतो. टेबलावर दोन साधे स्पीकर ठेवून खेळणाऱ्यासाठी मला हे फारच कंजूष वाटते. तिसरा घात घेतल्यास त्याच जागी ०.१२५ मिळते आणि चेंडूची हालचाल कानाला कळते. घात विषम असल्याने चिन्हही आपोआप टिकते. ज्यांच्याकडे कॅबिनेटच्या चार कोपऱ्यांत एक्सायटर (लाकडालाच कंप देणारे स्पीकर) आणि ७.१ चे, म्हणजे आठ वाहिन्यांचे, साउंड कार्ड आहे, त्यांनी मूळ सूत्र न बदलता पुढे-मागे सरकवण्याचे मूल्यही द्यावे.

घोषणांसाठी भाच्याने मिरवणुकीतला ‘घेऊन जा गे मारबत’ हा गजर मोबाइलवर टिपलेला होता, पण ढोलांच्या जवळ उभा राहिल्याने तो फाटला होता. फाटलेला आवाज कोणत्याही फिल्टरने पूर्णपणे दुरुस्त होत नाही. शेवटी घरातल्या सहा जणांनी गच्चीवर तो पुन्हा म्हटला आणि आजीचा आवाज सर्वात पुढे आला, तो तसाच ठेवला. घोषणा सुरू असेपर्यंत संगीताची पातळी निम्म्यावर आणावी.

तपासणी दोन प्रकारे करावी. एक डाव आवाज पूर्ण बंद करून खेळावा आणि कोणता दिवा कशासाठी पेटला हे प्रत्येक वेळी सांगता येते का ते पाहावे. दुसरा डाव दुसऱ्याला खेळायला लावून आपण पाठ फिरवून ऐकावा आणि चेंडू कुठे आहे ते बोलून दाखवावे. भाचा खेळत असताना मला वरचा उजवा कोपरा सोडून सर्व काही ओळखता आले. त्या कोपऱ्यातल्या एका रबरी पट्टीला आवाजच जोडलेला नव्हता. मधूनमधून एफ ११ दाबून फ्रेमचा वेगही पाहावा आणि तो घसरत असेल तर प्रतिबिंबे आधी कमी करावीत, दिवे नंतर.